एक मिनिट, बाबा

मित्रांनो, मी एक जुनी कॅमेऱ्याची बॅग आहे. जाड कॅनव्हासची, पितळी बकलांची, उजव्या कोपऱ्याला ठिगळ लावलेली. वस्तूंनी तक्रार करू नये म्हणतात. पण माझा जीव इतका वैतागला आहे, की आज मी बोलणारच.

तंबू शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या कापडातून मला शिवले आणि आत जुन्या ब्लँकेटचे कप्पे केले. आमच्या ताईने मला विकत घेतले, तेव्हा ती एका स्टुडिओत नुकतीच कामाला लागली होती. तिच्याकडे एक कॅमेरा आणि एकच छोटी लेन्स होती. ती जोडी पोटाशी धरून मी कितीतरी लग्ने आणि शाळांचे वर्गफोटो पाहिले. एकदा ओढ्यात पडले, तरी आत थेंब शिरू दिला नाही. "हिच्यासारखी बॅग नाही," असे ताई चारचौघांत सांगायची, आणि मी फुगायचे.

पुढे ताईचे नाव झाले आणि सामान वाढले. चाकांची कडक पेटी आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्यात तुटक्या वायरी आणि कशाची ते कुणालाच न आठवणारी पिन राहू लागली.

एके दिवशी ताईचे बाबा म्हणाले, "पोरी, एकदा मला घाटात घेऊन चल."

बाबांनी त्या डोंगरातल्या रस्त्यावर तीस वर्षे ट्रक चालवला होता. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, की वर्षभरात नजर बरीचशी जाईल.

"दिसतंय तोवर पाहून घेतो. आणि माझा तिथला एकही फोटो नाही गं. ट्रकचे आहेत पाच."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्याच दिवशी तिने तयारी सुरू केली, आणि तिथेच माशी शिंकली.

मित्रांनो, चार दिवस पलंगावर टेकायला जागा नव्हती! रुंद दृश्याची लेन्स, लांबचे जवळ आणणारी लेन्स, फुलाकिड्यांची लेन्स, दोन कॅमेरे, ट्रायपॉड, ड्रोन. ताई एक वस्तू पेटीतून काढी आणि दोन भरी. तिने दुकानदाराला विचारले. तो कशाला नको म्हणतो! "डोंगरात चाललात? मग ढगांसाठी फिल्टर हवाच." तोही आला.

बाबा दारातून म्हणाले, "अगं, डोंगर काय पळून चाललाय?"

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा. ऐन वेळी नेमकी राहिलेली वस्तूच लागते."

शेवटी पेटीने मागची सीट बळकावली. बाबांची काठी डिकीत सगळ्यांत खाली गेली. जुनी छोटी लेन्स 'असू दे' म्हणून माझ्यात कोंबली गेली आणि मी पुढे, बाबांच्या पायांशी.

ताई गाडी चालवत होती. वळणावळणावर बाबांना काहीतरी सांगायचे असे.

"इथे माझा ब्रेक गेला होता बघ. समोरून एक..."

"एक मिनिट, बाबा!" ताई गाडी थांबवून पेटीकडे धावे. लेन्स बदलेपर्यंत दरीत धुके भरे आणि बाबांची गोष्ट अर्धीच राही. मी पायांशी पडून नुसती चरफडत होते.

दुपारी बाबा एकदम ताठ बसले. "पुढच्या वळणाआधी दोनदा हॉर्न दे."

ताईने दिला. वळणापलीकडच्या चहाच्या टपरीतून एक म्हातारी लगबगीने बाहेर आली. बाबा पूर्वी असाच हॉर्न द्यायचे आणि ती चहा टाकायची.

"हॉर्नवाले भाऊ! अहो, मला वाटलं, गेलात तुम्ही!"

"तुझा चहा पिऊन वाचलोय. आता मरणाची काय टाप आहे!"

बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. नीट दिसावे म्हणून चेहरा अगदी जवळ नेला, आणि दोघे हसता हसता रडू लागले.

आणि ताई? ती मागच्या दाराशी गुडघे टेकून पेटी उपसत होती. लेन्सचे झाकण सीटखाली घरंगळले होते. पुढे हात लांबवला असता तर माझ्यातली छोटी लेन्स लगेच हाती आली असती. पण मला ओरडायला तोंड कुठे आहे?

ताई धापा टाकत आली. "मावशी, पुन्हा तसंच हसा ना!"

दोघे पुतळ्यासारखे शेजारी उभे राहिले. फोटो अगदी स्वच्छ निघाला.

गाडी पुन्हा निघाली. बाबा म्हणाले, "तू माझ्याबरोबर आलीस, की पेटीबरोबर?"

ताईने गाडी बाजूला घेतली. पेटी डिकीत टाकली, काठी काढून बाबांच्या हाती दिली आणि माझ्यातली छोटी लेन्स कॅमेऱ्याला लावली. नंतरचे दोन दिवस तिने बाबांच्या साऱ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकल्या, आणि मधूनमधून फोटो काढले. परतताना टपरीवर पुन्हा थांबायचे ठरले होते. पण दरड कोसळून तो रस्ता बंद झाला. दुसऱ्या वाटेने यावे लागले.

आता बाबांना सावल्याच दिसतात. ताई त्यांना एकेक फोटो वर्णन करून सांगते. टपरीच्या फोटोपाशी ती थांबते.

"मावशी हसतेय ना गं?" बाबा विचारतात.

"हो, बाबा. खूप," ताई म्हणते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची जरूर निगा राखा. धूळ झटका, उसवले तर टाका घाला. आम्ही वर्षानुवर्षे राबू. पण प्रवासाला निघताना आमच्यातल्या थोड्याच जणांना बरोबर न्या. शेजारचे माणूस बोट करून काही दाखवू लागले, तर आम्हाला खाली ठेवा आणि आधी तिकडे बघा.