यॉर्कच्या तटावर प्रदोष

सेतुमाधवांनी तंजावूरच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्लंडचा इतिहास शिकवला. इंग्लंड मात्र पाहिलं नाही. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं ते रघुरामचं. लंडनला राहणाऱ्या या माजी विद्यार्थ्यानं तंजावूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, 'यॉर्कच्या एका गल्लीत समोरासमोरच्या घरांतून हस्तांदोलन करता येतं म्हणे! सरांची थाप!' खाली एकशे बारा जण हसले होते.

चौतीस वर्गांना सांगितलेली गोष्ट थाप ठरली. सेतुमाधवांची झोपच उडाली. तेवढ्यात अमेरिकेतली नात हरिप्रिया एका दिवसासाठी यॉर्क बघायला निघाली आणि देव पावला. ती गल्ली तिनं कॉलवर दाखवायची ठरली.

संध्याकाळी साडेचारला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे भर दुपार. स्टेशनजवळून ती शहराच्या जुन्या तटावर चढली होती, आणि दोनला तिची परतीची गाडी होती. सेतुमाधवांच्या पत्नी वत्सलाबाई चष्मा पुसून शेजारी येऊन बसल्या.

"ताता, पाहा! मोठ्ठं चर्च!" ती आजोबांना म्हणाली.

सेतुमाधव ताडकन उठले. "देऊळ डावे हाताला कां? उलटी प्रदक्षिणा चालली! फिर मागे!"

"ताता, ही वॉल आहे."

"असो. देऊळ उजवे हाताला पाहिजे."

पोर गुणाची. फिरली. जरा पुढं गेली तो तट संपला आणि नदी लागली.

"अय्यो, पाणी! ओलांडू नको! आज प्रदोष."

शंकराच्या देवळात अभिषेकाचं पाणी जिथून वाहतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथून मागं वळून दुसऱ्या बाजूनं यायचं. तंजावूरच्या मोठ्या देवळात सेतुमाधव जन्मभर असेच फिरले होते. हरिप्रिया मागं वळली, तटाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. तिथंही तीच नदी! पुन्हा मागं. काही प्रवाशांना ही वाटाड्यासह निघालेली सहल वाटली आणि ते मागं लागले. चौथ्या फेरीला अकरा जण निमूटपणे नदीपर्यंत जाऊन परतत होते.

सहा वाजत आले, तिकडे दीड. गल्ली नदीपलीकडं. सेतुमाधवांना घाम फुटला. ओलांडावं तर पाप, न ओलांडावं तर थाप!

"हरी, तेथे नंदी कोठे दिसला कां?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नो, पाटी," हरिप्रिया आजीला म्हणाली.

"नंदी नाही, मग कसला शंकर? ओलांड पाणी!"

नंदी नसल्याचा इतका आनंद सेतुमाधवांना उभ्या जन्मात झाला नव्हता. हरिप्रिया पळाली. मागून अकरा जण पळाले.

गल्ली होती! वरचे मजले एकमेकांवर झुकलेले. हरिप्रियानं एका दुकानाच्या पायरीवरून हात लांबवला. पुरला नाही.

"ताता... नाही पोचत."

सेतुमाधवांनी मान खाली घातली. मागं आलेल्या एका म्हाताऱ्याला मात्र हाही विधीच वाटला. तो समोरच्या पायरीवर गेला, वाकला आणि त्यानं हात पुढं केला. हाताला हात लागला. मग उरलेल्या दहा जणांनीही जोड्या लावून तेच केलं.

वत्सलाबाई पदराशी चाळा करू लागल्या.

"खरेच होते की हो," त्या म्हणाल्या. "त्या हसणाऱ्यांत मीही होते."

"ठाऊक आहे," सेतुमाधव म्हणाले. "सगळ्यांत वर तुझेच नाव होते."