जिवलीच्या जीपला नवा बंपर

पोशेऱ्याच्या पाड्यांवरून जव्हारला माणसं नेणाऱ्या गाड्यांत बाईने चालवलेली गाडी एकच, जिवलीची जीप. जुनीच, पण चारही चाकांना जोर असलेली. जिवलीचा हातही असा, की चढावर मागे बसलेल्या म्हाताऱ्यांची झोप मोडत नसे. तरी गेल्या पावसाळ्यात तिचं नाव खाली गेलं. बाजाराच्या दिवशी उतारावर टायर फुटला. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला लटकवलेली, आणि ती साखळी गाळाने गंजून बसलेली. जिवली चिखलात आडवी पडून झुंजली, पण साखळी काही सुटली नाही. भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका शेवटी मागून आलेल्या बाबल्याच्या पिकअपमध्ये चढल्या. नंतर त्यातल्या कितीतरी त्याच्याच गाडीची वाट बघू लागल्या. त्यात सकूही होती, जिवलीची लहानपणची मैत्रीण. ते जिवलीला फार लागलं.

होळीनंतर तिचा धाकटा भाऊ रमेश ठाण्याहून कायमचा परत आला. तिकडे तो गाड्यांचं लोखंडी काम करायचा. जव्हारला त्याने वेल्डिंगची शेड टाकली आणि पहिली गाडी बहिणीची घेतली. येताना त्याने जाड लोखंडाचा पुढचा बंपर आणला होता, अडकलेल्या गाडीला टोचन लावून ओढायला दोन भक्कम हूक असलेला.

जुना बंपर निघता निघेना. गंजलेल्या बोल्टांवर डिझेल मुरवलं, पान्याला पाईप लावून जिवलीने सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ते कुरकुरत फिरले. नवा लावायला जावं तर एका बाजूची भोकं बोटभर चुकली. कधीतरी खाल्लेल्या धडकेने चेसिसचं टोक वाकलेलं होतं. रमेशने त्या बाजूची पट्टी नव्याने कापून जोडली आणि बंपर असा बसला, की हलवायला गेलं तर अख्खी गाडी हलायची.

स्टेपनीसाठी त्याने मागच्या दारावरच चौकट जोडली. दिसायला झोकदार. पण जिवलीने दोनदा दार उघडलं आणि बिजागऱ्या खाली ओढल्या गेल्या.

"काप ती," ती म्हणाली. "याच दाराला धरून म्हातारी माणसं चढतात."

रमेशचं तोंड उतरलं. तो चहाला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. आल्यावर मात्र गुमान ग्राइंडर उचलला. मागच्या बाजूला त्याने चेसिसलाच बोल्टांनी नवा बंपर जोडला, त्याच्या कोपऱ्यात खुंटा उभा केला आणि खुंट्यावर फिरणारा लोखंडी हात बसवला. स्टेपनी त्या हातावर. खिट्टी ओढली की हात बाजूला फिरायचा, मग दार मोकळं.

स्टँडवर बाबल्या म्हणाला, की बाईने जीपच्या नाकात नथ घातली आणि पाठीला पोर बांधलं. सगळे हसले. जिवलीने काच वर केली आणि गाडी काढली.

चैत्र सरता सरता पोशेऱ्याचा बोहाडा आला, देवांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायचा उत्सव. देवादिकांची सोंगं, म्हणजे ते रंगवलेले लाकडी मुखवटे, दुरुस्तीला गेली होती, ती बाबल्याच्या पिकअपमधून परत निघाली. वाटेत पुलाचं काम चालू असल्याने गाड्या ओढ्याच्या पात्रातून जायच्या, आणि आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला. दुपार कलताना जिवली रमेशला घेऊन तिथं पोचली, तर पिकअप मधोमध रुतलेली, मागची चाकं रेतीत गडप. रघुबाबा, सोंगांचा मान ज्यांच्या घराण्याकडे, गुडघाभर पाण्यात रावणाची दहा तोंडं डोक्यावर धरून उभे होते. सकू टोपली कवटाळून काठावर. वरच्या अंगाला आभाळ पुन्हा काळं झालं होतं.

बाबल्या जवळ आला. "जिवलीबाय, निघंल का गाडी?"

"स्टेअरिंग सरळ धर. मी सांगीपर्यंत ब्रेकला पाय लावू नको."

रमेशने दोरखंड पिकअपच्या मागच्या बाजूला बांधून जीपच्या हुकाला अडकवला आणि माणसांना लांब केलं. जिवलीने चारही चाकांचा जोर जोडला, रिव्हर्स टाकला, हळूहळू क्लच सोडला. दोरखंड ताणला. बंपर तसूभर हलला नाही. पिकअप डुलली, पुन्हा बसली. दुसऱ्या खेपेला जीपचं मागचं चाक धारदार दगडावर घासलं आणि फस्सकन हवा गेल्याचं तिला ऐकू आलं. पण पिकअप आता सुटत होती. जिवलीने पाय उचलला नाही. फुसक्या चाकावरच तिने ती काठावर ओढून काढली.

मग ती उतरली. खिट्टी ओढली, लोखंडी हात फिरवला आणि स्टेपनी तिच्या समोर आली, कोरडी, स्वच्छ. सकूने न सांगता चाकांना दगड लावले. रमेशने जॅक फिरवला, नट मात्र जिवलीने स्वतः आवळले.

फुटकं चाक मागच्या लोखंडी हातावर चढवल्यावर रघुबाबा पुढे आले. बोहाड्यात सगळ्यांत आधी नाचतो गणपती. त्याचं सोंग त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

"हे तुझ्या गाडीत," ते म्हणाले. "पुढं."

जिवलीने पदराने पुढची सीट पुसली. सोंग तिथं बसलं, रमेश आणि सकू मागे गेले. टणक वाट बघून तिने जीप पाण्यात घातली आणि बाबल्याची पिकअप तिच्या चाकोरीतून मागोमाग आली. ओढा पार होऊन चढ लागला तेव्हा गावातल्या सांबळाचा ठेका ऐकू येऊ लागला. वेशीवर जमलेल्यांनी गणपती बघितला आणि जीपला वाट करून दिली. जिवलीने हॉर्नवर हात ठेवला आणि देवळापर्यंत तो उचललाच नाही.