सात सेकंदांचं उत्तर

माझ्या काचेवर उजवीकडे खाली एक घासलेला ठिपका आहे, वाटाण्याएवढा. मित्रांनो, तो एकाच अंगठ्याने चार वर्षांत पाडलाय. मी एक जुना मोबाइल.

आधी मी आईच्या पर्समध्ये असायचो. नवा फोन आल्यावर वर्षभर खणात, सुकलेल्या पेनांबरोबर पडून राहिलो. मग आईने मला ताईच्या चाकाच्या खुर्चीच्या हातावर पट्ट्याने बसवलं. ताई तेवीस वर्षांची. तिला बोलता येत नाही, समजायला वेळ लागतो, हात थरथरतात. उजवा अंगठा तेवढा तिचं ऐकतो. आईने माझ्यावर सहा मोठी चित्रं ठेवली: पाणी, भूक, संडास, झोप, गाणी आणि खालच्या कोपऱ्यात 'दुखतंय'. चित्र दाबलं की मी आईच्या आवाजात बोलायचो. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे.

मग ताईला सारखं दुखू लागलं. दूध पुढे आलं की 'दुखतंय', लोकरीची टोपी चढवली की 'दुखतंय'. दोन महिने तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हिला नको म्हणायचं असेल, तर ती काय दाबेल?"

आईने माझ्यावरची सहाही चित्रं पाहिली. 'नको' त्यांत नव्हतंच.

त्याच संध्याकाळी 'हो' आणि 'नको' आले. 'नको' तीनदा रेकॉर्ड करावं लागलं. पहिले दोन फारच विनवणीचे झाले होते. जेवणापर्यंत ताईने दूध, टोपी आणि बाबांचा विनोद, सगळं नाकारलं. बाबा म्हणाले, "मला लग्नाच्या तीस वर्षांत जमलं नाही ते हिने एका दिवसात केलं."

एक प्रश्न मात्र ताईला कुणी विचारेना. ताई रोज जाते त्या कार्यशाळेतल्या तिच्या तीन मैत्रिणी एका मदतनीस बाईंसोबत राहतात. तिथली चौथी खोली दोन वर्षं ताईसाठी राखून ठेवली होती. ताई आठवडाभर राहूनही आली होती. विचारणा झाली की आईच सांगायची, "ती माझ्याशिवाय राहायची नाही." आता शनिवारपर्यंत कळवलं नाही, तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला वेळेवर चार्ज करा. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. ताईचा अंगठा चित्रावर पोचायला सात सेकंद लागतात, आणि माणसं चौथ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. तेवढे तीन सेकंद थांबत जा.

शनिवारी आई थांबली. खुर्चीसमोर बसून तिने विचारलं, "मैत्रिणींकडे राहायला जायचंय तुला?" आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अंगठा थरथरत 'नको'वर आला, तिथून पुढे सरकला आणि टेकला.

आईच्याच आवाजात मी म्हणालो, "हो."