झऱ्यावरची साय

केशर, तू तेव्हा माझ्या खांद्यावर मान धरायला नुकती शिकत होतीस. आपल्या वाडीच्या वर, देवाच्या राईत, जो झरा आहे ना, त्याच्या पाण्याकडे बघायची मला त्या दिवसांत भीती वाटायला लागली होती.

मँगनीजचा दगड शोधत कुठल्याशा कंपनीची माणसं सुप्याकडून वर आली होती. एक तरुण गोरा साहेब, त्याचा बेळगावचा कारकून बाबुराव आणि वाट दाखवायला जंगल खात्याचा गार्ड. साहेब दगड फोडायचा, त्याचा वास घ्यायचा, जिथं तिथं पाणी बाटलीत भरून तिच्यावर चिठ्ठी डकवायचा. तुझी आजी हसून म्हणायची, पाणी चाखून सोयरीक जमवतोय काय कुठं.

मग तो आपल्या झऱ्याशी येऊन बसला आणि उठेचना.

पाण्यावर रंगीत झाक होती, मोरपिसासारखी. साहेबानं त्यात काडी फिरवली, थांबला, परत फिरवली. बाबुरावांनी वाडीतल्या माणसांना समजावून सांगितलं. रानातल्या पाण्यावर गंजाची साय धरते, ती काडीनं मोडली की तिचे पापडासारखे तुकडे होतात. ही साय मोडत नाही, फिरून जुळते. वासही रॉकेलचा येतो. म्हणजे खाली जमिनीत तेल आहे.

"साहेब म्हणतात, इथला दगड काही तेलाचा नव्हे," बाबुराव म्हणाले. "पण पाण्याला खोटं बोलायचं काय कारण?"

साहेबानं विचारलं, या पाण्यात कोणी काही ओततं काय? वाडीचा पुढारी भिकाजी बुधवंत. त्यानं आधी गार्डाकडं बघितलं, मग मान हलवली. न्हाई, कोणी काही ओतत न्हाई. त्याच्या मागं सगळ्यांनीच माना हलवल्या.

आणि ओततो तर आम्हीच. बाळंतीण उठली की लेकराला घेऊन झऱ्यावर जायचं, तिथल्या सपाट दगडावर दिवा लावायचा आणि पळीत उरलेलं तेल पाण्यावर सोडायचं. ते गोल पसरलं की लेकराला आयुष्य मोठं. पूर्वी करंजाचं तेल असायचं. सुप्याच्या बाजारात रॉकेलचे डबे यायला लागले तसं रॉकेलच जायला लागलं. त्या पंधरवड्यात वाडीत आम्ही तिघी उठलो होतो. शेवटची मी. तुझं तेल चांगलं गोल पसरलं होतं गं.

पण राई आता सरकारी रानात गेलेली. आत विस्तव न्यायचा नाही, असा हुकूम. आदल्या वर्षी लखूनं तिथं नुसती विडी पेटवली, तर त्याला सुप्याला नेऊन कोंडलं. तो परत आला तो काठी टेकतच. तेलाचं कबूल करायचं म्हणजे दिव्याचं कबूल करायचं.

संध्याकाळपर्यंत गार्डानं राईतल्या झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या. झाडं तोडणार, जमिनीत भोक पाडणार, यंत्र येणार. वाडी उठवून खाली काळी नदीच्या काठाला बसवणार. नदीकाठ म्हणजे ताप. तुझी आत्या फुला तिकडेच दिलेली. तिची दोन लेकरं श्रावण बघायला राहिली नाहीत. मी तुला छातीशी धरून बसले आणि तुझ्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून बघत राहिले. कपाळ गारच होतं, तरी हात राहीना.

तुझ्या बाबांना म्हटलं, सांगून टाका. ते कोयत्याची मूठ घासत होते.

"सांगितलं तर मला नेतील," ते म्हणाले. "न्हाई सांगितलं तर समद्यांना."





सकाळी मी पळीत रॉकेल घेतलं. दिवा घेतला नाही, काडेपेटी घेतली नाही. उंबऱ्यात आजी आडवी आली. मला वाटलं, अडवणार. तिनं तुझी कुंची नीट केली. "वारा हाय," म्हणाली आणि मागोमाग चालायला लागली.

झऱ्यावर साहेब होता, बाबुराव होते, कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती. गार्ड ओरडला. मी खाली बसले, तुझी टाच पाण्याला लावली आणि पळी उपडी केली. तेल पसरलं. तीच मोरपिसं.

"हे काय, बाई?" बाबुरावांनी विचारलं.

"लेकराचं तेल हाय. आम्ही समद्या घालतो."

"आणि दिवा?" गार्ड म्हणाला. "दिवा कुठं लावता?"

दिव्याचा दगड समोरच होता, काजळीनं काळा. तेवढ्यात आजी कण्हत पुढं आली आणि त्या दगडावर फतकल मारून बसली.

"गुडघं भरून आलं, बाबा," ती गार्डाला म्हणाली. "तुज्या आईचं भरत न्हाईत व्हय?"

साहेबानं काडी फिरवली. साय जुळली. त्यानं बोटं हुंगली, माझ्या हातातली पळी हुंगली. मग तो कड्यावर चढला, जिथं पाणी खडकातून बाहेर येतं आणि आमचं तेल पोचत नाही. तिथं खोबणीत तांबूस साय होती. तिच्यात काडी घातली तशी ती मोडली आणि तुकडे तुकडे होऊन वाहत गेली. मग त्यानं कुऱ्हाडवाल्यांना माघारी फिरायची खूण केली. गार्ड आजीच्या भोवती फिरत होता. ती माणसं सामान उचलून राईबाहेर जाईपर्यंत आजी हलली नाही.

ती माणसं गेली. पण पहिल्या दिवशी आपल्या झऱ्यावर भरलेली बाटली आदल्या सांजेलाच माणसाबरोबर पुढं गेली होती. ते तेल ओतलेलं आहे असा मागून निरोप पाठवतो, असं बाबुराव म्हणाले होते. पाठवला की नाही, कोण जाणे. ती कुठल्या शहरात कुठल्या फळीवर उभी आहे, आणि कोणी कधी तिचं बूच काढून रॉकेल हुंगेल, ते मला ठाऊक नाही. झाडांवरचा चुना अजून गेलेला नाही.

म्हणून घागर बुडवायच्या आधी मी काडी फिरवते. साय मोडली की मग पाणी भरते. तू माझ्या कडेवरून वाकून ते तुकडे बघतेस आणि हसतेस.