उसना दृष्टांत

श्रावणात आमच्या मुरुमच्या मठात सात दिवस शिवकीर्तन असतं. दुपारी चारला सुरू होतं, म्हणजे बायकांना दिवेलागणीच्या आत घरी जाऊन भाकरी टाकता येते. चाळीस वर्षांत मी एकही दिवस चुकवलेला नाही. कापडाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या गफारभाईला "बघ जरा" म्हणायचं आणि मठात पहिल्या ओळीत खांबाला पाठ लावून बसायचं. टाळ वाजला की अंगावर काटा येतो, अजूनही. गाणाऱ्याचा सूर लागला नाही तरी माझं काही म्हणणं नसतं, त्याचा जीव लागलाय की नाही ते मला कळतं.

यंदा पाचव्या दिवशी कीर्तनकार महालिंगप्पा महाराज दृष्टांताला आले आणि म्हणाले, "देव शोधायला लांब जावं लागत न्हाय म्हणतात. पर लांब जाऊनबी जो देवच शोधतो, त्याला काय म्हणावं? हे बघा, आपल्या मुरुमचे ईरण्णा शेट!"

सगळा मठ माझ्याकडं वळला. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.

खरं काय झालं होतं ते सांगतो.

मुलगा गौरीशंकर परदेशात नोकरीला आहे. उन्हाळ्यात त्यानं मला आणि माझ्या बायकोला, गिरिजाला, क्रूझवर नेलं. जहाज कसलं, पाण्यावर चालणारं अख्खं गावच ते. रोज एका बंदराला लागायचं, उतरून बसनं काहीबाही बघून यायचं आणि संध्याकाळी परत जहाजात. जेवणाच्या टेबलावर पुण्याची दोन जोडपी भेटली. मोकळी, हसरी माणसं. त्यांच्यातले पुरुष गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून हिंडायचे. मीही गौरीशंकरकडून एक मागून घेतली. सत्तरीला आलेला माणूस मी, पण म्हटलं, इथं गावातलं कोण बघतंय?

ग्रीस देशात एक दिवस डोंगरावरच्या मठाची सहल होती. गौरीशंकर आणि सून जहाजावरच राहिले, नातवाला ताप होता. आम्ही दोघं पुण्याच्या मंडळींबरोबर निघालो. उभा कडा आणि त्याच्या पार टोकाला मठ. तीनशेच्या आसपास पायऱ्या. थांबत थांबत, एकमेकांना धरून चढलो. दारात एक म्हातारे साधू उभे होते, दाढी छातीपर्यंत आलेली. गिरिजाचं इरकली लुगडं बघून त्यांनी मान लववली आणि तिला आत सोडलं. माझे उघडे पाय बघून त्यांनी बोट हलवलं. मग बाजूच्या पेटीतून एक निळं कापड काढून माझ्यापुढं धरलं आणि कमरेला गुंडाळायची खूण केली.

म्हणजे लुंगीच की! चाळीस वर्षं मी लुंग्या विकल्या. घरात लुंगीच नेसतो. कापड हातात आल्याबरोबर बोटांना कळलं, सुती आहे, दोन मीटर आहे, धुऊन धुऊन मऊ झालंय. पण मागून पुण्याचे एक साहेब हसत ओरडले, "काका, स्कर्ट नेसा! थांबा, फोटो काढतो!" आणि त्यांनी मोबाइल वर केला.

मी कापड परत पेटीत टाकलं.

"तुमी जावा आत," मी म्हणालो. "माझे गुडघे लई दुखायलेत."

गिरिजा उंबऱ्याच्या आत उभी होती. "या की हो. गुंडाळा अन् या. इथवर येऊन काय?"

"तू जा. मी बसतो हितं."

ते साहेब मात्र स्वतः तसलंच कापड गुंडाळून, हसत हसत आत गेले.

मी बाहेर कट्ट्यावर बसलो. आत गाणं सुरू झालं. भिंती जाड, माझ्यापर्यंत नुसती गुणगुण यायची. पाऊण तासानं गिरिजा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. बसमध्ये ती सांगत राहिली. पेटी नाही, मृदंग नाही, सात-आठ साधू आणि नुसता गळा. एकानं सूर धरून ठेवायचा, बाकीच्यांनी त्याच्या आधारानं वर जायचं. अक्षर कळलं नाही, तरी गोड लागलं. मी हं हं करत खिडकीबाहेर बघत होतो.

गावी परतलो तर प्रवासाचं ऐकायला दुकानात ही गर्दी! जहाज, बंदरं, डोंगरावरचा मठ, मी एकेक सांगत होतो. गफारभाईनं मशीनवरचा पाय थांबवला. "शेट, वो पहाड के मठ में अंदर कैसा था?"

साधा प्रश्न होता. मी तोंड उघडलं आणि गिरिजाकडून ऐकलेलं सगळं माझं होऊन बाहेर पडलं. मी ऐकलं. माझे डोळे भरले. अक्षर कळलं नाही, तरी मला गोड लागलं. तेवढ्यात महालिंगप्पा महाराज उपरणं घ्यायला आले आणि ऐकत उभे राहिले. तिथं तरी मी थांबायला पाहिजे होतं. उलट महाराज ऐकतायत म्हणून मी आणखी रंगवून सांगितलं.

तेच महाराजांनी कीर्तनात घेतलं. आणि काय घेतलं! "परका मुलूख, परका धर्म, गुडघ्यात कळा. तरी हा माणूस चढला, आत जाऊन बसला अन् रडला!" महाराजांचा स्वतःचा आवाज भरून आला होता. मला पुढं बोलावून शाल घातली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या बाजूला बघितलं. गिरिजाही टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर तिनं माझ्या खांद्यावरची शाल काढून घडी घातली.

"छान सांगितलंत तुमी महाराजांना," ती म्हणाली. "माज्यापेक्षा छान."

एवढंच बोलून ती भाकरी थापायला बसली. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मठात गेलो. महाराज बशीत चहा ओतून पीत होते. मी सगळं सांगितलं, चड्डीपासून कट्ट्यापर्यंत. मला वाटलं, हसतील आणि जाऊ द्या म्हणतील. त्यांनी बशी खाली ठेवली.

"ईरण्णा, तुमी दुकानात खोटं बोललात. म्या ते मठात बोललो, पिंडीसमोर."

"चूक माझी हाय, महाराज."

"तुमची हाय, व्हय. पर लोकांनी माझ्या तोंडून ऐकली. सभेत सांगितलेलं सभेतच निस्तरावं लागतं." मग बशी परत उचलत म्हणाले, "तुमी या चारला. नेहमीसारखे."

गेलो. पहिल्या ओळीत बसायची छाती झाली नाही, मागं बसलो. महाराजांनी नमन झाल्यावर टाळकऱ्यांना हातानं थांबवलं आणि सभेला हात जोडले.

"काल म्या तुमाला एक दृष्टांत सांगितला. तो खरा न्हवता. पारखून न घेता सांगितला, माझी चूक झाली. मला माफी करा." आणि ते पांढऱ्या केसांचं डोकं लोकांपुढं वाकलं. माझं नावही त्यांनी घेतलं नाही.

कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारी गुंडाप्पा आडत्या बसला होता, तो पलीकडच्याला म्हणाला, "वय झालं रं महाराजांचं. ध्यानात राहत नसंल आता."

ते ऐकलं आणि मी उठलो. मागूनच हात वर केला.

"महाराजांच्या ध्यानात समदं हाय," मी म्हणालो. "खोटं म्या बोललो. म्या मठाच्या आत गेलोच न्हाय." आणि मग सगळं सांगितलं, लुंगीसकट.

"काय शेट!" गुंडाप्पा बसल्या जागेवरून ओरडला. "आमाला इकताना म्हणता, लुंगी म्हणजे राजाचा पोशाख! अन् सोता नेसायची येळ आली तर पळालात व्हय?"

मठभर हशा पिकला. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं जड वाक्य अजून बोलायचं होतं.

"आत बसून ऐकलं ते आमच्या मंडळीनं. डोळ्यात पाणी आलं तेबी तिच्याच. म्या तिचं उचलून माझ्या नावावर सांगितलं."

हशा थांबला. महाराजांनी बायकांच्या बाजूला बघितलं. "गिरिजा अक्का, मग तुमीच सांगा की. कसं गायले ते?"

गिरिजा चार माणसांत कधी बोललेली नाही. ती पदर सावरत उभी राहिली.

"काय सांगू, महाराज. लई गोड गायले. पर म्या अर्धंच ऐकलं."

"ते का?"

"बाकावर माज्या शेजारी जागा धरली व्हती, ह्यांच्यासाठी. एक म्हातारी बसाया आली, तिलाबी न्हाय म्हणलं. समदा येळ म्या दाराकडंच बघत व्हते. आत्ता येतील, मग येतील. बाहेर वारं गार, हे उघड्या पायानं बसलेत, ह्येच डोक्यात. मग समदे उठले तवा कळलं, गाणं संपलं म्हणून."

ती खाली बसली.  बसमध्ये तिनं मला ऐकलेलं तेवढं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं. आणि तिचे ओले डोळे मी बिनदिक्कत गाण्याच्या नावावर लावून टाकले होते.

महाराजांनी टाळकऱ्यांना खूण केली. टाळ सुरू झाला. आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो, आणि बायकांच्या बाजूला मान वर करून बघायचं धाडस कीर्तन संपेपर्यंत मला झालं नाही.