चिंचोक्याचा टमाटा

चिंचोक्यांचा आवाज आधी येतो, बाई मागून. पत्र्याच्या डब्यात मूठभर चिंचोके घालून तो खुळखुळवत सुमनबाई आमच्या खोडदच्या अंगणवाडीकडे निघतात, तेव्हा माघातलं कोवळं ऊन त्यांच्या पदराला धरून चालत असल्यासारखं दिसतं. मग एकेका घरातून नाक पुसलेलं, न पुसलेलं पोर त्या आवाजामागे लागतं.

माझी ईश्वरी मात्र निघत नव्हती, आणि तो दोष माझा होता. पहिल्या दिवशी ती ठोकळ्यांत रमलेली पाहून मी चोरपावलांनी सटकलो. कांद्याला पाणी द्यायचं होतं, वीज जायच्या आत. तिची आई चाकणला कंपनीत, सकाळच्या पाळीला. आमच्याकडे बाप असेच निघतात. पोराची नजर चुकवणं हीच माया, असं आम्ही धरून चालतो. त्या संध्याकाळपासून ईश्वरीनं माझ्या सदऱ्याचं टोक सोडलं नाही. झोपेतही मी कूस बदलली की तिची मूठ आवळायची. एवढ्याशा मुठीत माझ्यावरचा केवढा अविश्वास मावला होता.

तिला कडेवर घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा बाई हसल्या नाहीत.

"भाऊ, पळून गेला व्हता ना? आता दोघांनी बसायचं हितं."

"बाई, लई काम पडलंय रानात."

"मग कांद्याला सांगा, थांब म्हणावं."

मी बसलो. बाई उंबऱ्याशी पाठ टेकून बसतात. वारा कितीही झोंबो, दार लावत नाहीत. कडी घाला, पोरं पळतील, असं आया रोज बजावतात. बाईंचं उत्तर ठरलेलं, "दार दिसत असलं की पोरगं दाराला इसरतं." त्यांच्या आवाजात आर्जव नाही, दरारा नाही, बांधावरच्या जुन्या बोरीसारखा एक शांत चिवटपणा आहे. मूल रडलं तर त्या त्याचं रडणं तोडत नाहीत. शेजारी बसून चिंचोके मांडत राहतात, आणि हुंदक्यांच्या फटीतून केव्हातरी एक लहान बोट पुढे येऊन एक चिंचोका सरकवतं.

दारातून शेतांपलीकडच्या, आकाशातले संदेश टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या थाळ्या दिसतात, कुणालाही न दिसणाऱ्या कशाकडे तरी एकजात तोंड करून उभ्या. ईश्वरीची मान तशीच माझ्याकडे वळलेली असे. बाईंनी ती कधी फिरवली नाही. त्यांनी फक्त बाजाराचा खेळ मांडला. एकानं पिशवी घेऊन बाहेर जायचं, बाकीच्यांनी वाट पाहायची.

कितीतरी दिवस ईश्वरी नुसती बघत राहिली. मग एका सकाळी तिनं माझा सदरा सोडला, पिशवी उचलली आणि मला पोरांच्या ओळीत बसवलं.

"तू बाळ. मी पप्पा. नारायणगावला जाऊन येते. रडू नको."

ती दाराबाहेर गेली. मी उठू लागलो.

"बसा," बाई हळूच म्हणाल्या. "तिला जाऊ द्या."

शेजारचं शेंबडं पोर मला म्हणालं, "रडतो का रं?"

बाहेर फक्त वारा होता. दाराची चौकट रिकामी, तिच्यात ऊन. खेळ आहे हे ठाऊक असूनही मी त्या चौकटीकडेच बघत राहिलो, आणि त्या पहिल्या दिवशी ठोकळ्यांवरून मान वर करून तिनं काय पाहिलं असेल, ते मला दिसलं. मी बसून राहिलो. इतक्या निग्रहानं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

ती आली. पिशवीतून एक चिंचोका काढून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "हा घे टमाटा. आता तू जा."

मी तिच्यासमोर उभा राहिलो, तिच्या डोळ्यांत पाहिलं, म्हणालो, "कांद्याला पाणी देऊन येतो." तिचा ओठ थरथरला. बाईंनी डबा हलवला. मी पुढच्या दारानं, तिच्या देखत निघालो. आणि सांगितल्याप्रमाणे परत आलो. रोज येतो.

आता ती मागे वळूनही पाहत नाही. एक दिवस ती खरोखर दूर जाईल, बाईंचा डबाही गप्प होईल. तेव्हा उघड्या दाराकडे मान वळवून मी बसलेला असेन, रडणार नाही, आणि माझ्या मुठीत तो टमाटा असेल.