मेहेंदळ्यांची चौकशी

"ही दोन्ही मंडळी एकाच पत्त्यावर राहतात," बाबा म्हणाले. "आणि तुम्ही लोकांनी त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून लिहिलंय. हे कसं काय?"

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि त्याच्यासमोर चष्मा कपाळावर चढवून बाबा. मी आत पोहे परतत होते.

"बाबा, त्यांच्यात तसंच असतं."

"तसंच म्हणजे? एका खोलीत दोन कुटुंबं?"

"दोनशे असतील. खोलीसुद्धा नसेल हो, कुठल्याशा बेटावर नुसती पत्रपेटी असेल."

"म्हणजे घरी कुणीच नसतं," बाबा म्हणाले. "मग चौकशी करायची कुणाकडे?"

मी काय काम करते हे चार लोकांत सांगायची वेळ आली की मी "कंटेंट" म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर मी खराडीत एका काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या लोकांना कुठल्या ऑनलाइन कॅसिनोत पैसे घालवावेत ते सांगत होते. आता जुगार म्हणायचं नाही हं, पाप लागतं. स्वीपस्टेक्स म्हणायचं. तिकडच्या बऱ्याच राज्यांत ऑनलाइन कॅसिनो चालत नाहीत, म्हणून या दीडशहाण्यांनी युक्ती काढली. तुम्ही विकत घ्यायची ती नुसती खेळायची नाणी, त्यांची किंमत शून्य. त्यांच्यासोबत दुसरी थोडी नाणी फुकट, आणि ती फुकटची जिंकलात की त्यांचे खरे डॉलर. मग जुगार कुठे झाला? बक्षीस योजना झाली.

बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे उदबत्तीचा पुडा घ्या, सोबत मटका मोफत."

"हो."

"आणि लोक उदबत्तीसाठी येतात?"

"उदबत्ती कोण हुंगतंय, बाबा."

आमच्या कंपनीची वेबसाइट या कॅसिनोंची तुलना करायची. कुठला पहिला, कुठला दुसरा, कुणाला किती तारे. जो कॅसिनो आम्हाला जास्त कमिशन देईल तो पहिला. आमचा अभ्यास निकालानंतर सुरू व्हायचा. आता लोक विचारायला लागले होते की या कॅसिनोंच्या मागे आहे तरी कोण, म्हणून त्यांच्या मूळ कंपन्यांची तुलना करणारं एक पान मला लिहायचं होतं. दोन वर्षं कंत्राटावर राबवून घेतल्यावर अभयने, म्हणजे आमच्या साहेबाने, सांगितलं होतं की हे पान चाललं की मला कायम करणार. आणि मला कायम व्हायचं होतं. बाबांच्या पेन्शनवर आणि माझ्या अशा लटकत्या नोकरीवर घर किती दिवस चालवणार?

बाबांनी पस्तीस वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली. त्या कारकुनीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते स्वतःही सांगत नाहीत. पण सदाशिव पेठेत, नारायण पेठेत लग्नाची मुलगी असलेल्या घरात यज्ञेश्वर मेहेंदळे हे नाव घेतलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. स्थळ आलं की लोक बाबांकडे येतात. "जरा बघा हो, मुलगा कसा आहे, घर कसं आहे." आता पोरं ॲपवर भेटतात, एकमेकांना पसंत करून मोकळी होतात, तरी त्यांचे आईबाप गुपचूप बाबांकडे येऊन बसतातच.

बाबा मुलाच्या घरी कधी जात नाहीत. घरचे काय, ठेवणीतल्या बश्या काढून बसलेले असतात. बाबा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन पाव किलो साबुदाणा घेतात. इस्त्रीवाल्यापाशी उभे राहतात. कामवाल्या बाईंना विचारतात, रजा मागितली की त्या घरात ओरडतं कोण. साबुदाणा घेऊन परत येतात आणि मुलीच्या वडिलांना एवढंच सांगतात, "द्या", नाहीतर "देऊ नका." कारण सांगत नाहीत. कारण सांगितलं की ते चार घरं फिरतं आणि मुलाचं पुढचं स्थळही जातं, असं त्यांचं म्हणणं. "देऊ नका" ऐकून लोक रुसले, एकदोघांनी तर बोलणंच टाकलं. पण धाकट्या मुलीच्या वेळी पुन्हा आमच्याच दारात. या कामाचा त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही.

मी त्या पानाला इतकी वैतागले होते की चेष्टेत म्हटलं, "बाबा, या दोन घराण्यांची चौकशी करून द्या ना." बाबांना चेष्टा कळते, पण या एका बाबतीत नाही. ते लॅपटॉप ओढून बसले.

एकीकडे टर्नस्टोन होल्डिंग्ज, ती 'पर्पल पेलिकन' नावाच्या कॅसिनोची मूळ कंपनी. दुसरीकडे ओकहॅम डिजिटल, ती 'लकी वॉलनट'ची. वाणी नाही, इस्त्रीवाला नाही, म्हणून बाबांनी नोकरी सोडून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचलं, खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या. आठवडाभर ते माझ्यामागे होते.

"तनया, या टर्नस्टोनने तीनदा नाव बदललंय. आडनाव बदललेलं घराणं मी पाहिलंय, पण तीनदा?"

"हं."

"जिंकलेले पैसे मागितले की हे ओळखपत्र मागतात. ते दिलं की दुसरं मागतात. मग खातंच बंद. पैसे घेताना मागितलं होतं का ओळखपत्र?"

"छे."

"झालं तर मग."

ओकहॅमचं काही निराळं नव्हतं, फक्त वेबसाइटचा रंग निळा होता. बाबांनी दोन्हीकडे रीतसर इंग्रजीत लिहिलं की आपले संचालक कोण, कार्यालय कुठे, कृपया कळवावे. टर्नस्टोनकडून लगेच उत्तर आलं, 'हाय यज्ञेश्वर! तुझ्यासाठी हजार नाणी मोफत!' बाबा दिवसभर धुमसत होते. "अगं, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला कधी एकेरी हाक मारली नाही," म्हणाले. संध्याकाळी लॅपटॉप मिटून त्यांनी निकाल दिला, "दोन्हीकडे देऊ नका."

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला. सांगायला नको होता. सगळे हसले, एकटा अभय हसला नाही.

अभय म्हणजे आधी दोन स्टार्टअप बुडवून आमच्याकडे साहेब झालेला माणूस. पायात पांढरे बूट, आणि तोंडात कायम 'व्हॅल्यू'. "अगं, हे गोल्ड आहे यार!" तो म्हणाला. "सर्च इंजिनला आता रिअल माणूस लागतो. एक्स्पर्ट, चेहरा, अनुभव. तुझे बाबा म्हणजे चाळीस वर्षांचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आहे!"

शनिवारी तो पेस्ट्रीचा खोका घेऊन आमच्या घरी हजर. आल्याआल्या वाकून नमस्कार. बाबांना पुस्तकांच्या कपाटासमोर बसवून त्याने फोटो काढले. "जरा स्माइल, काका."

"चौकशीच्या कामात मी हसत नाही," बाबा म्हणाले. "आणि हे बघा, माझं नाव घालायचं तर माझं उत्तर जसंच्या तसं घालायचं. दोनच शब्द आहेत."

"काका, शंभर टक्के!"

बाबांना ते पुरलं. विचारायला आलेला माणूस उत्तर ऐकायला आलेला असतो, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक जण पोटच्या मुलीसाठी आलेला होता, खोटं उत्तर कुणाला हवं असणार? खराडीत दिवसभर उत्तर ठरवून मग प्रश्न विचारतात, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. कायमचं पत्र डोळ्यांपुढे नाचत होतं ना.

शेवटचा हात अभयनेच फिरवला आणि पान वेबसाइटवर चढलं. मी सोमवारी ऑफिसात उघडून पाहिलं. वरच बाबांचा फोटो, न हसणारा. खाली टर्नस्टोन होल्डिंग्ज पहिल्या नंबरावर, पाचांपैकी पावणेपाच तारे. आणि फोटोशेजारी मोठ्या अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं, 'या घराण्यात मी माझी मुलगी डोळे मिटून देईन. यज्ञेश्वर मेहेंदळे, तज्ज्ञ.'

मी तडक अभयच्या टेबलाशी गेले.

"हे बाबांनी म्हटलेलं नाही."

"अगं, टोन बॅलन्स केलाय फक्त. काकांचं फार निगेटिव्ह होतं. 'देऊ नका' लिहिल्यावर क्लिक कोण करणार?"

"मग त्यांचं नाव काढ."

"वेडी आहेस का? सर्चमध्ये पान वर चढतंय, आणि काकांच्या चेहऱ्यामुळे चढतंय! लोकांना ट्रस्ट वाटतोय. आणि सदाशिव पेठेत कोण वाचणारे हे, सांग ना?"

हे मला अर्धा मिनिट पटलं. थुंकावंसं वाटतं स्वतःवर, पण पटलं. तेवढ्यात त्याने माझं कायमचं पत्र टेबलावर सरकवलं आणि वर डोळा मारला. त्या डोळा मारण्याने माझं डोकं फिरलं.

"ते पत्र घाल चुलीत," मी म्हटलं. सगळा मजला वळून बघायला लागला. "तुझ्यात आणि त्या बेटावरच्या पत्रपेटीत फरक काय आहे, सांगू? पत्रपेटी पेस्ट्री घेऊन कुणाच्या घरी जात नाही. पान काढ, नाहीतर तुझ्या वरच्या साहेबांना, त्यांच्या वरच्यांना आणि त्या दोन्ही घराण्यांना मी बाबांचं खरं उत्तर पाठवते."

संध्याकाळी पान निघालं. माझं ओळखपत्रही निघालं. सामान म्हणजे एक मग आणि एक शाल, ते पिशवीत घालून मी निघाले. बसमध्ये सहज बाबांचं नाव शोधलं तर तोच फोटो, तेच वाक्य, दुसऱ्याच वेबसाइटवर. मग आणखी एकीवर. आमच्यासारखे तुलना करणारे भुरटे एकमेकांचं उचलूनच तर जगतात. कुठे लिहायचं, कुणाला सांगायचं? खाली पत्ते होते, पण ते कसले असतात ते मला चांगलं माहीत होतं.

घरी आले आणि बाबांना सगळं दाखवलं. लपवायची इच्छा फार झाली, पण दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते वाक्य दोनदा वाचलं. नोकरी गेली म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. मग विचारलं, "हे किती लोक वाचतात?"

"दिवसाला हजारभर असतील. आता जास्तही."

"हजार लोकांनी मला विचारलं," बाबा म्हणाले, "आणि मी 'द्या' म्हटलं."

"बाबा, तुम्ही नाही हो म्हटलं!"

"त्यांना काय माहीत?"

मला रडू फुटलं. ते माझ्यावर ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण ते ओरडले नाहीत. उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वैजनाथकाका. हे बाबांचे ऑफिसातले जुने सहकारी. त्यांच्या स्पृहासाठी कर्वेनगरचा एक मुलगा सांगून आला होता आणि बाबा गेल्या आठवड्यात दोनदा तिकडे जाऊन आले होते. स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या दोन पुड्या तशाच पडल्या होत्या.

"काय मग, यज्ञेश्वरराव?" काका चपला काढतानाच बोलायला लागले. "उद्या त्यांना कळवायचंय. आमच्या घरात कुणाला झोप नाही. एकदा तुमचा शब्द मिळाला की सुटलो."

बाबा उभेच राहिले. "वैजनाथराव, मला आता विचारू नका."

"म्हणजे? मुलात काही आहे का?"

"मुलाबद्दल मी काहीच बोलत नाहीये. मी हे काम सोडलं."

"अहो, असं कसं? आमच्या थोरलीच्या वेळी तुम्हीच होतात. आता मी कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडेही जा. आणि माझ्याकडेच यायचं असेल, तर आधी आमच्या घराची चौकशी करून या."

काका हसले. पुणेरी टोमणा समजून मोठ्याने हसले आणि माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले पाहून त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. मग ते बसले नाहीत, चहाही नको म्हणाले. जाताना दारात घुटमळले, एकदा वळून बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि जिना उतरून गेले. बाबा गॅलरीत जाऊन ते कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे होते.

मी त्यांच्यामागे गेले. "बाबा, मुलात काही खोट आहे का?"

"छे गं. फार चांगला मुलगा आहे. घरही चांगलं आहे."

"मग सांगायचं होतं ना! नुसतं 'द्या' म्हणायचं होतं!"

बाबा रस्त्याकडेच बघत होते.

"म्हटलं असतं," ते म्हणाले, "पण त्या हजार लोकांसारखं त्यांनीही ते खरं मानलं असतं गं."